डोळे मिटून फोन बघणारे भालेराव

भालेरावांच्या हातात कोणाचाही मोबाइल दिला, की ते आधी डोळे मिटून घेतात. चष्मा काढून खिशात ठेवतात, मान जराशी वर करतात आणि काचेवरून एक बोट सावकाश फिरवत बसतात. ज्याचा फोन तो समोर ताटकळत उभा. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते फोन परत करतात आणि म्हणतात, "चांगला आहे. पण होल्ड."

हा होल्ड त्यांनी कंपनीतून आणला. चाकणच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथे गाड्यांचे प्लास्टिकचे डॅशबोर्ड तयार होतात. मी स्टोअरमध्ये, भालेराव शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. ट्यूबलाइटखाली माल आडवा-उभा फिरवायचा, ओरखडा दिसतो का, डाग दिसतो का बघायचं आणि चिठ्ठी लावायची. चांगल्याला ओके, वाईटाला रिजेक्ट, आणि मनाची खात्री होत नसेल त्याला होल्ड. होल्डचा माल बाजूला पडून राहतो, साहेब निर्णय देईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. भालेरावांनी ही चिठ्ठी जन्मभर दिसेल त्याला लावली. कँटीनचे पोहे होल्ड. भाचीला आलेलं स्थळ होल्ड. एक नवा मॅनेजर तर बदली होऊन जाईपर्यंत होल्डवरच होता.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी कंपनीच्या बसमध्ये जाहीर केलं, की रिटायर होण्याच्या आत एक नवा फोन घ्यायचा आहे, आणि अँड्रॉइड घ्यायचा की आयफोन हे पूर्ण तपासून ठरवायचं आहे. खिशातला जुना फोन ठणठणीत होता. मग नवा कशाला, असं मी विचारलं. "लागेल," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कंटेनरच्या मागे कंटेनर, त्यावर बसलेली धूळ, आणि मध्ये अडकलेली आमची बस. रहाटणीहून निघालेला माणूस चाकणला पोचेपर्यंत अर्धा म्हातारा होतो.

तर त्या बसमध्ये दोन तट पडले. आयफोनच्या बाजूला एकटा सोपान डोंगरे. हा कुरुळीचा, जुन्या शेतकरी घरातला. जमिनीवर शेड उभ्या राहिल्या, भाडं येतं, नोकरी करतो ती घरी करमत नाही म्हणून. तो म्हणायचा, "काका, डोळं झाकून आयफोन घ्या. आमच्या घरात समद्यांकडं त्योच हाय." डोळे झाकून म्हटल्यावर भालेराव लगेच हात पुढे करायचे आणि खरोखरच डोळे झाकून घ्यायचे. बाकीची बस अँड्रॉइडवाली. त्यांचं म्हणणं, आयफोन म्हणजे सासरवाडी, मानपान सगळा, पण आपल्या मनानं काही करता येत नाही. भालेराव दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे. अँड्रॉइडमध्ये कंपनी बदलली की बटणांच्या जागा बदलतात, ही त्यांची मोठी तक्रार. "आज इथं बोट लागलं, उद्या दुसरा फोन आला की शोधत बसा," म्हणायचे. आयफोनबद्दल म्हणायचे, "जागा पक्की आहे. पण आवाज होल्ड."

आवाज म्हणजे कसला आवाज, हे आम्ही कोणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, गाण्यांचा.

त्यांच्या या तपासणीचा प्रसाद बऱ्याच जणांनी खाल्ला. भालेरावांनी हाताळलेला फोन परत आला की बिघडलेला असायचा. चिन्हावर बोट ठेवलं तर ते उघडायचं नाही, फोन नुसता त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचा. असंच एकदा त्यांनी डोंगरेचा आयफोन परत दिला. डोंगरेनं घाईघाईनं बोट लावलं आणि फोन भर बसमध्ये त्यानंच पाठवलेला निरोप खणखणीत मराठीत वाचू लागला, "दाजी, उद्या मी आजारी पडतोय, बैलगाडा शर्यतीला येतो." आमचे सुपरवायझर पुढच्याच सीटवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी डोंगरे नाकाला रुमाल लावून कामावर हजर, आणि दिवसभर मन लावून खोकत होता.

"काका, तुमी नेमकं काय दाबता वो?" तो कळवळून विचारायचा.

"बघत होतो, कसा बोलतो ते," भालेराव म्हणायचे.

एका रविवारी मला ते पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथला विक्रेता ताथवड्याच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, गळ्यात पट्टा, तोंडात पाठ केलेलं भाषण. त्यानं कॅमेरा सांगितला, बॅटरी सांगितली, प्रोसेसर सांगितला. भालेरावांनी सगळं ऐकून विचारलं, "अंधारात कसा चालतो?"

"डार्क मोड आहे ना काका. स्क्रीन काळी होते, डोळ्यांना त्रास नाही."

"ते नाही. पूर्ण अंधारात. स्क्रीन नाहीच असं समजा."

विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. स्क्रीन नसलेला फोन मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय विकायचं हे त्याला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. भालेराव मात्र दोन्ही हातांत दोन फोन धरून, डोळे मिटून, दुकानाच्या मधोमध उभे होते. एका बाईंनी आपल्या लेकराला त्यांच्यापासून जरा लांब ओढलं. मला त्या दिवशी भालेरावांची चीड आली होती. माणसानं विक्षिप्त असावं, पण चारचौघांत माझ्याबरोबर असताना असू नये.

आणखी एक गोष्ट त्याच काळातली. त्यांच्या डब्यातल्या पोळ्या बिघडल्या. मंदावहिनींच्या पोळ्यांसाठी आमच्यात भांडणं व्हायची, इतक्या त्या पातळ आणि मऊ. आता डब्यातून जाडजूड, कडेला कच्च्या पोळ्या निघू लागल्या. "वहिनी रुसल्या का काय?" कोणीतरी चेष्टेनं विचारलं. भालेराव पोळी मोडत म्हणाले, "हात बसायला वेळ लागतो." आम्ही हसलो. कोणाचा हात, हेही कोणी विचारलं नाही. आम्ही इतकी वर्षं एका बसमध्ये बसलो, पण एकमेकांना विचारलं ते फक्त उशीर का झाला एवढंच.

निवृत्तीचा दिवस आला तरी फोन होल्डवरच. शेवटी आम्हीच ठरवलं की या माणसाची यातून सुटका करायची. निरोपाला आमच्याकडे शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायची रीत आहे. घड्याळ रद्द केलं, वर्गणी वाढवली आणि बसमध्ये हात वर करून मतदान घेतलं. अँड्रॉइड जिंकला. डोंगरेनं निषेध नोंदवला, पण वर्गणी सगळ्यांपेक्षा जास्त दिली. फोन आणायला मीच गेलो. दुकानातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लख्ख पडदा बघून घेतला. चंद्रावरचे डाग दिसतील असा कॅमेरा. जन्मभर ओरखडे शोधणाऱ्या माणसाला याहून चांगलं काय द्यायचं, असं मी भाषणातही म्हणालो आणि टाळ्या घेतल्या.

भालेरावांनी खोक्यातून फोन काढला. चष्मा खिशात ठेवला, डोळे मिटले. सगळं कँटीन शांत. आज तरी ओके म्हणणार, म्हणून डोंगरे मोबाइलवर शूटिंग करत होता. भालेरावांचं बोट त्या मोठ्या काचेवरून एकदा गेलं आणि मध्येच थांबलं.

"होल्ड," ते म्हणाले.

कँटीन हसून लोळलं. ते हसले नाहीत. फोन खोक्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं. माणूस चाळीस माणसांच्या प्रेमाला असा नाकारतो, याचा मला फार राग आला. घरी येऊन बायकोजवळ मी त्यांना कृतघ्न म्हणालो.

दुकानदार आठवड्याच्या आत बदलून देतो म्हणाला होता. रविवारी बिल खिशात घालून मी त्यांच्या घरी गेलो. ठरवलं होतं, तोंडावर विचारायचं, की बाबा, तुला हवं तरी काय? रहाटणीत त्यांचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मुलगी लग्न होऊन नांदेडला, घरात दोघंच. दार वहिनींनी उघडलं. मी समोर उभा होतो, आणि त्या माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघून म्हणाल्या, "कोण आहे?"

मी नाव सांगितलं. "या की भाऊ," त्या हसून म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या. मी खुर्चीवरून बघत होतो. त्यांनी डबा उचलला, त्यावर बांधलेला दोरा चाचपला, खाली ठेवला, दुसरा घेतला. चहा गाळताना एक बोट त्यांनी कपाच्या काठावरून आत सोडलं होतं, चहा कुठवर आला हे कळावं म्हणून. मी नजर वळवली. इतक्या दिवसांत मला जे समजलं नव्हतं ते सगळं तेवढ्यात समजलं, आणि खिशातलं बिल मला टोचायला लागलं.

भालेराव मला गॅलरीत घेऊन गेले. दार ओढून घेतलं, नीट लागलं नाही, तरी तसंच सोडलं.

"शुगर," ते हळू आवाजात म्हणाले. "डोळ्यांचे पडदे गेले. एक डोळा गेलाच. दुसऱ्यानं अजून जरा जरा दिसतं, तेही राहणार नाही म्हणाले डॉक्टर."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला सांगितलंय, थंडी पडली की ऑपरेशन करू, मग दिसेल."

"ऑपरेशन आहे?"

"नाही."

खाली कोणीतरी गाडी धूत होतं. आम्ही दोघंही ते पाणी बघत राहिलो. मग भालेराव बोलू लागले, आणि त्यांना मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक फोनमध्ये आंधळ्या माणसासाठी सोय असते. बोट लागेल ते फोन वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. मुलीला फोन लावता येतो, आलेला निरोप ऐकता येतो. "तिच्या आधी मी शिकून घेतलं राव. तिला शिकवायचं तर अंधारात बसल्याशिवाय कसं कळणार? आवाजाचंही बघितलं. मी आहे तोवर ठीक, पण मी काय तिला कायमचा पुरणार आहे? मागे एकटी राहिली तर दिवसभर तोच आवाज सोबतीला. तो कोरडा नको."

"मग कुठला बरा? बदलून आणतो मी. आयफोन हवा असेल तर बघू काहीतरी."

"दोन्ही चालतात. कधीच कळलं होतं मला. तुम्ही दिलेला तर फारच चांगला आहे."

"मग होल्ड कशाला?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. "घेतला की शिकवायला बसावं लागणार. शिकवायला बसलो की कशासाठी ते सांगावं लागणार," ते म्हणाले. "माझ्या तोंडून ते निघत नाही."

 ज्या माणसाला मी आठवडाभर मनातून शिव्या घातल्या होत्या त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढंही जमेना. इतक्यात दार सरकलं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"अहो, तो कपाटातला फोन काढा," त्या म्हणाल्या. "बोलता करा आणि मला शिकवा."

"अगं, आता कशाला? थंडीत ऑपरेशन झालं की..."

"घरात तुम्ही डोळे मिटून काचेवर बोट फिरवत बसता ना, ते मला अजून दिसतं."

 भालेरावांचा चष्मा हातातच होता. वहिनींनी त्यांच्या दिशेला हात पुढे केला, तो आधी गॅलरीच्या कठड्याला लागला, मग त्यांच्या दंडाला. दंड धरून त्या त्यांना आत घेऊन गेल्या. कोण कोणाला नेत होतं ते मला सांगता येणार नाही.

खोकं उघडलं. चाळीस माणसांनी पसंत केलेला तो लख्ख पडदा दोघांच्या मध्ये टेबलावर उजळला. भालेरावांनी आवाज सुरू केला, वहिनींचं बोट धरून काचेवर ठेवलं, आणि फोन बाईच्या आवाजात म्हणाला, "संपर्क." वहिनी दचकल्या, मग जरा हसल्या. "बरी आहे हो बाई," म्हणाल्या.

भालेराव सवयीनं मान वर करून डोळे मिटायला लागले. वहिनी त्यांच्या अगदी जवळ गेल्या, चेहऱ्याशी चेहरा नेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही उघडा आता. मिटायचे ते मी मिटते."

त्यांनी डोळे मिटले. फोन एकेक नाव वाचत होता, वहिनी ते मागोमाग म्हणत होत्या, आणि भालेराव नुसते त्यांच्याकडे बघत बसले होते. मी चहा संपवला, कप मोरीत ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन निघालो.