रुखमाबाईच्या बांधीतला वाघ

चांदा जिल्ह्यातलं विज्ञान वर्तमानपत्रात आणणार तर मीच, असं मी शाळेच्या ओट्यावर उभं राहून गावाला सांगितलं होतं! मी मूल गावाजवळच्या खेड्यातला मास्तर, शिवाय नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. आमच्याकडे देवीची लस आली, हिवतापाची फवारणी झाली, लोखंडी नांगर आला. सगळ्याच्या बातम्या मी पाठवल्या, एकही छापली नाही. वाघानं बैल नेला, की मात्र पहिलं पान!

त्या साली रुखमाबाईनं जपानी पद्धतीनं धान लावलं. म्हणजे दोर ताणून, सरळ ओळीत, रोपारोपात अंतर ठेवून, मोजून खत घालून. रुखमाबाई विधवा. जमीन तिच्या भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, सोमाजीभाऊंच्या हातात. भासऱ्याशी बाईनं बोलायची रीत नाही, म्हणून तिचं म्हणणं मीच त्यांच्याकडे पोहोचवायचो. त्यांनी कशीबशी एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा एक तुकडा, तिच्या दोराला दिली होती. दसऱ्यापर्यंत त्या बांधीत धान असं दाटलं, की शेजारच्या बांध्या उपाशी दिसू लागल्या.

सोमाजीभाऊ काही हलेनात. "जमिनीचा गुन हाये, गुरुजी. पेपरात छापून आलं तं मानीन. मंग पुढच्या साली साऱ्याच बांध्या तिच्या पद्धतीनं."

एवढंच ना! मी छाती ठोकून हो म्हटलं आणि लांबलचक बातमी पाठवली. उत्तर नाही. पुन्हा पाठवली. संपादकांनी कळवलं, जागा नाही. इकडे कापणी तोंडावर आली. रुखमाबाई पाण्याला जाताना शाळेकडे बघायची आणि काही विचारायची नाही. त्या न विचारण्यानं मी हैराण झालो आणि बातमीत एक वाघ घातला. तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आला, सरळ ओळी पाहत घटकाभर उभा राहिला आणि कोणाला न शिवता जंगलात निघून गेला. बस, एवढाच वाघ.

बातमी लगेच छापून आली, तीही चौकटीत! संपादकांनी दोर कापला, ओळी कापल्या, खत कापलं, रुखमाबाईचं नावही कापलं. वाघ तेवढा ठेवला. बातमी कोणाच्या बांधीची, हे गावाला ठाऊकच होतं.

दुपारपर्यंत गावच्या डोमा गुराख्यानं तिच्या धुऱ्यावर पंजांचे ठसे पाहिले. कुत्र्याचेच असावेत. वाघ येऊन कोणाला न शिवता गेला, तर ती जागा त्याची, अशी आमच्याकडची समजूत. संध्याकाळी बांधीच्या मधोमध शेंदूर फासलेला दगड बसला, वाघोबा म्हणून. नारळ फुटले, कोंबडं कापलं, आणि तिच्या सरळ ओळींमधून लोकांची वाकडी पायवाट पडली.

सोमाजीभाऊ हात जोडून मला म्हणाले, "मी म्हनत होतो नं, हे दोराचं काम नोहे."

मग मात्र माझ्यानं राहवेना. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की वाघ आलाच नव्हता, तो मी घातला. लोक गालातल्या गालात हसले. डोमानं मलाच समजावलं, "पेपरात काय खोटं छापतेत, गुरुजी? तुमीच तं सांगता."

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई तुडवलेलं धान हातानं उभं करत होती. मी मान खाली घालून तिची माफी मागितली.

"मले नाव नाई पायजे होतं, गुरुजी," ती म्हणाली. "दोर धराले चार बाया पायजे होत्या." मग शेंदराच्या दगडाकडे बघत राहिली. "वाघोबा ओळी पाहूनच थांबला, असं लिवलं होतं नं तुमी?"

"हो, पण ते कापलं."

"मंग तेवढंच भासऱ्याले सांगा."

मी विज्ञानाचा माणूस! तरी गेलो आणि सांगितलं. सोमाजीभाऊंचा चेहरा एकदम गंभीर झाला.

पुढच्या रोवणीला गावभर दोर ताणले गेले. सोमाजीभाऊंनी चिखलातून मला हाक मारली आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "गुरुजी, दोन रोपांत अंतर किती ठेवाले सांगते वाघोबा?"

ग्रामसेवकानं दिलेलं शेतीखात्याचं पत्रक माझ्या खिशात होतं. पलीकडे रुखमाबाई पदर ओढून दोराचं टोक धरून उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"दहा इंच," मी म्हणालो.