ओली गादी

छकुली झोपलीये तोवर सांगून टाकते. थंडीला घाबरणाऱ्यातली मी नव्हे! खरं म्हणजे घाबरायला ती आमच्याकडे कधी आलीच नव्हती. बारा महिने पंखा! यंदा मात्र पत्ता विचारत आली, आणि घरात धड एक स्वेटर सापडेना. नवरा रेनकोट घालून बसला. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, कानांना टॉवेल गुंडाळला.

बाबा जन्मभर हेडमास्तर. दात कडकडा वाजत होते, पण कबूल करतील तर शपथ!

"थंडी कसली, सूनबाई? पाढे म्हणतोय!"

म्हटलं, यांना न सांगताच ऊब द्यावी. माझ्या बाळंतपणातली शेकायची रबरी पिशवी होतीच. गरम पाणी भरलं, बूच लावतेय तोच छकुलीने भोकाड पसरलं. एका हातात ती, दुसऱ्या हाताने बूच! पिशवी बाबांच्या रजईखाली मधोमध सरकवली आणि स्वतःवरच खूश होऊन झोपले.

सकाळी बघते तर बाबा चादर धुताहेत! ज्यांनी उभ्या जन्मात रुमाल पिळला नाही, ते! गादी तर स्वतःच ओढत नेऊन गॅलरीत टाकलेली.

"अहो बाबा, द्या इकडे!"

"लांब राहा!" हातात छडी नव्हती एवढंच.

चहा नको. पाणी तर नकोच नको. मग त्यांनी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं.

"वृद्धाश्रमाची चौकशी कर."

"काय झालं, बाबा?"

"म्हातारपण झालं, दुसरं काय! आधी कशी छान ऊब वाटली रे... आणि मग सगळं..." त्यांनी गॅलरीतल्या गादीकडे बोट केलं.

नवरा डोळे पुसत माझ्याकडे आला. "अगं, बाबा ना... गादीत..."

"गादीत?" मला रात्रीची पिशवी आठवली! छकुलीला त्याच्या हातात कोंबलं, धावत जाऊन पलंग ओढला. पलंग आणि भिंतीमधल्या फटीत पिशवी पडली होती, चोखून टाकलेल्या आंब्यासारखी! बूच तिरकं!

"बाबा, तुम्ही नाही हो! ही! मीच ठेवली होती!"

बाबांनी पिशवी उलटी केली, सुलटी केली, बूच फिरवून पाहिलं. नापासाचा निकाल बदलून पहिला नंबर यावा, तसा चेहरा फुलला! मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"चहा टाक. दोन कप!"

आणि ताठ मानेने गॅलरीत गेले. समोरच्या गॅलऱ्यांतून सकाळपासून त्या गादीकडे माना वळत होत्या. बाबांनी घसा खाकरला. शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात जाहीर केलं,

"मी नाही हो! गादी सूनबाईने ओली केली!"

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "लाजू नकोस गं. बाळंतपणानंतर होतं असं. पण आपली सोडून सासऱ्यांची गादी कशाला?"