शेपटीमागचा हात

"त्यात काय, मीच उडवतो," असं मी म्हणालो, आणि सगळं तिथेच बिघडलं.

झालं असं, की माझ्या वाढदिवसाला मेहुण्याने एक भलंमोठं खोकं आणलं. आत रिमोटवर उडणारं विमान. खेळण्यातलं म्हणावं तर पंख माझ्या दोन हातांपेक्षा जरासेच आखूड, आणि खरं म्हणावं तर वजन बायकोच्या पर्सपेक्षा कमी. आठवडाभर आमच्याकडे राहायला आलेले सासरे चष्मा पुसत खोक्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "हे उडवणार कोण?"

"मी दाखवतो ना," मेहुणा म्हणाला. "कॉलेजात असताना उडवायचो."

"हो, त्यालाच उडवू दे," बायको म्हणाली. इतक्या घाईने म्हणाली, की मला ते लागलं. माझा वाढदिवस, माझं विमान, आणि मी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? म्हणून मी ते वाक्य बोललो. रविवारी मैदानावर जायचं ठरलं. सासरे नुसतं "बघू" म्हणाले.

या "बघू"बद्दल सांगायला हवं. सासरे म्हणजे निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर. हयातभर त्यांनी चालत्या लिफ्ट बंद पाडल्या. आमच्याकडे आले तरी खुर्चीवर बसण्याआधी तिचे चारही पाय हलवून बघतात. लग्नाआधी मला बघून गेले तेव्हा बायकोने विचारलं होतं, "कसा वाटला?" तेव्हाही ते "बघू" म्हणाले होते. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, अजून ते बघतायत. एकदा, फक्त एकदा, या माणसाने मला पास करावं, एवढीच माझी इच्छा होती. (पगारवाढीची आशा मी केव्हाच सोडली आहे.)

आता माझ्याविषयी. मी विमा कंपनीत दावे तपासतो. दुकान जळालं असं कोणी सांगत आलं, की आम्ही आधी त्याच्याकडे बघतो आणि मग राखेकडे. संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हटल्यावर माणूस तो घरी येताना काढून ठेवू शकत नाही. त्यामुळे खोकं उघडल्या उघडल्या मला पहिला प्रश्न पडला: मेहुणा विमान का देतोय? धंद्याने तो डेंटिस्ट. म्हणजे "काही दुखणार नाही हं" असं हसत हसत सांगून सुई टोचणारा माणूस. असा माणूस उगाच कोणाला विमान देईल? सासऱ्यांसमोर माझी फजिती व्हावी, हाच डाव. मी त्याला हसून थँक्यू म्हटलं आणि मनातल्या मनात त्याची फाइल उघडली.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर माहितीपुस्तक घेऊन बसलो. सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे केलं. आधी नाकावरचा पंखा काढून बाजूला ठेवला, कारण मोटर चुकून सुरू झाली तर बोटं जातात. (मी मूर्ख असेन, पण सुरक्षित मूर्ख आहे.) एकेक स्क्रू पिळून पाहिला. पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललं आणि ते नाकावर झुकतं की शेपटीवर बसतं ते पाहिलं. शेपटीवर बसत होतं, तेव्हा बॅटरी थोडी पुढे सरकवली. मग विमान बोटांवर असं शांत तरंगलं, की मी बायकोला हाक मारून दाखवलं. "छान," ती कणीक मळता मळता म्हणाली.

शेवटी सुकाणू. विमानाच्या शेपटीला जी उभी फळी असते, ते सुकाणू. रिमोटची दांडी डावीकडे ढकलली की फळी डावीकडे वळायला हवी. मी विमान जेवणाच्या टेबलावर ठेवलं, त्याचं तोंड माझ्याकडे केलं (समोरच्याच्या डोळ्यांत बघून चौकशी करावी, ही आमच्या खात्याची शिकवण) आणि दांडी डावीकडे ढकलली. फळी उजवीकडे गेली!

पुन्हा ढकलली. पुन्हा उजवीकडे.

रविवारी हे असंच उडवलं असतं तर? सुदैवाने रिमोटच्या खालच्या अंगाला दिशा उलटी करायचं एक चिमुकलं बटण होतं. ते मी नखाने पलीकडे सारलं. आता डावं ते डावं, उजवं ते उजवं. मेहुण्याची पहिली चाल हाणून पाडली म्हणून त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मंगळवारी संध्याकाळी सहज पाहिलं, तर बटण पुन्हा जागच्या जागी!

"दुपारी घरी कोण आलं होतं?" मी बायकोला विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी म्हणजे कोणीच नाही?"

"इस्त्रीवाला आला होता."

"तो आत आला होता?"

"तुमच्या पँटी घेऊन दारातूनच गेला. का? त्याने काय केलं?"

"अजून काही सिद्ध झालेलं नाही," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी तिचंही नाव यादीत टाकलं.

बटण सरळ केलं. बुधवारी ते पुन्हा उलटं. एवढंच नाही, तर बॅटरीच्या कडेने कोणीतरी खडूची बारीक रेघ ओढली होती! मी हादरलो. म्हणजे हा कोणी हौशी माणूस नव्हे, पद्धतशीर काम करणारा आहे. मीही मग पद्धतशीर व्हायचं ठरवलं. डोक्यावरचा एक केस उपटून (माझ्याजवळ ते मोजकेच उरले आहेत, यावरून प्रसंग ओळखावा) तो रिमोटच्या बटणावर चिकटपट्टीने ताणून बसवला. गुरुवारी संध्याकाळी पाहतो तो बटण उलटं, आणि केस तुटलेला.

रात्री जेवताना सासरे एकदम म्हणाले, "जावईबापू, दुपारच्या वेळी तुमच्याकडे कोणी येतं-जातं का?"

माझा घास हातातच राहिला. "का हो बाबा?"

"सहज."

"नाही, तुम्हाला काही दिसलं का?"

"मला काय दिसणार?" त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "माझा मुलगा आहे म्हणून बोलवत नाही. पण त्याच्याकडे तुमच्या घराची एक किल्ली आहे ना?"

बारा वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांचं आणि माझं एका मुद्द्यावर एकमत झालं होतं. मला भरून आलं. मी त्यांना आग्रहाने आणखी भात वाढला. त्यांनी तो आधी हुंगला, पण खाल्ला.

शनिवारी डोकं दुखतंय असं सांगून मी अर्ध्या दिवसाने ऑफिसातून सटकलो. बायको बाजारात गेली होती. सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं, म्हणजे ते झोपलेले. मी चपला हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आलो आणि पडद्यामागे उभा राहिलो. टेबलावर विमान, शेजारी रिमोट. उकडत होतं. पडद्याला धुळीचा वास येत होता आणि मला शिंक येऊ पाहत होती. ती मी नाक दाबून परतवली. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

मेहुणा! पावलं न वाजवता आत आला (रबरी तळव्यांचे बूट, तेही यादीत टाकले), टेबलापाशी गेला आणि विमानाकडे हात नेला.

"पकडला!" असं ओरडून मी पडद्यासकट झेप घेतली. त्याच क्षणी कपाटाच्या आडून "थांब, चोरा!" असं ओरडत दुसरं कोणीतरी झेपावलं. मी मेहुण्याची कंबर धरली. दुसऱ्याने माझी मान धरली. पडद्याचा दांडा सुटून मेहुण्याच्या नाकावर बसला आणि आम्ही तिघं सतरंजीवर आडवे झालो.

पडदा बाजूला केला तर माझ्या मानेला सासरे!

"बाबा, तुम्ही?"

"तुम्ही इथे काय करताय? तुम्ही तर ऑफिसात असता!"

"अहो, मी जास्तीचा पंखा द्यायला आलो होतो," मेहुणा नाक धरून म्हणाला. "एखादा मोडला तर असावा म्हणून. बेल वाजवली नाही, म्हटलं बाबा झोपले असतील!"

भाजीची पिशवी घेतलेली बायको दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने पिशवी खाली ठेवली, भावाला बर्फ दिला आणि आम्हा दोघांना खुर्च्यांवर बसवलं. (सासऱ्यांनी खुर्ची हलवून पाहिली नाही, इतके ते गांगरले होते.) मग तिने आमचे जबाब घेतले. आमच्या ऑफिसात इतकी चांगली चौकशी मी आजवर पाहिलेली नाही.

त्यातून असं निघालं, की मी रोज संध्याकाळी बटण सरळ करत होतो आणि सासरे रोज दुपारी, ते कोणीतरी उलटं केलंय म्हणून, सरळ करत होते. खडूची रेघ त्यांची. बॅटरी कोण हलवतं ते पाहायला त्यांनी ती ओढली होती. मी मेहुण्यावर संशय घेत होतो, आणि तेही मेहुण्यावरच. तो बिचारा आठवडाभर लोकांचे दात काढत होता.

"पण सुकाणू उलटंच होतं!" मी म्हणालो.

"उलटं तुम्ही करत होता," सासरे म्हणाले. "मी स्वतः मागे उभं राहून तपासलंय. यंत्र नेहमी मागून तपासावं. पुढून सगळीच यंत्रं सभ्य दिसतात."

बायकोने विमान उचललं, त्याची शेपूट माझ्याकडे केली आणि रिमोट माझ्या हातात दिला. "ढकला डावीकडे."

ढकलली. फळी उजवीकडे गेली. मग मला दांडी तशीच धरायला सांगून तिने विमान फिरवलं आणि त्याचं तोंड माझ्याकडे केलं. आता तीच फळी डावीकडे!

"तुम्ही आठवडाभर तोंडाकडून बघताय," ती शांतपणे म्हणाली. "समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. एवढंच." आणि तिने बटण पुन्हा सासऱ्यांच्या बाजूला सारलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बघू"सुद्धा म्हणाले नाहीत.

त्यामुळे रविवारी मैदानावर गेलो तेव्हा माझं सगळं त्या एका उड्डाणावर होतं. मी कोणालाही मधे पडू दिलं नाही. स्क्रू पाहिले, तोल पाहिला, रिमोट घेऊन मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि तिथूनही सुकाणू हलतंय याची खात्री केली. वारा पाहिला. माणसं मागे उभी केली. शेपटीमागे उभं राहून मोठ्याने "डावं! उजवं!" म्हणत फळी तपासली. सासरे प्रत्येक वेळी मान डोलावत होते. नाकावर पट्टी लावलेल्या मेहुण्याने विमान हातात धरलं, वाऱ्याकडे तोंड करून सोडलं, आणि ते उडालं!

खरंच सांगतो, काय उडालं! मैदानावरून तिरकं चढत, उन्हात चमकत ते लांब लांब गेलं. मी डावीकडे म्हणालो की डावीकडे, उजवीकडे म्हणालो की उजवीकडे. "वा!" सासरे म्हणाले. मी कानांनी ऐकलं. बारा वर्षांत ऐकलं नव्हतं ते त्या "वा"ने ऐकवलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी एक सुंदर वळण घेऊन विमान आमच्याकडे परत आणायला लागलो.

ते समोरून येत होतं. जरा उजवीकडे सरकत होतं म्हणून मी दांडी डावीकडे ढकलली. विमान आणखीच उजवीकडे गेलं.

"कोणीतरी हात लावला!" मी किंचाळलो. "पुन्हा उलटं केलं!"

"अहो, ते तुमच्याकडे तोंड करून येतंय!" बायको ओरडली. "भाऊजी, बटणाला हात लावू नका!" मेहुणा ओरडला. पण माझं नख पोहोचलंही होतं. बटण सारलं आणि विमान कसं गुणी बाळासारखं डावीकडे आलं! "बघितलंत?" मी सासऱ्यांकडे वळून म्हणालो. तोवर विमान आमच्या डोक्यावरून पलीकडे गेलं, त्याची शेपूट माझ्याकडे झाली, आणि आता माझं डावं पुन्हा त्याचं उजवं झालं. मी डावीकडे, ते उजवीकडे. मी आणखी डावीकडे, ते आणखी उजवीकडे, एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि मेहुण्याने अपघात नको म्हणून लांब नेऊन उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटवर नाक टेकून ते शांत झालं.

सासरे सावकाश तिथवर गेले. वाकून त्यांनी तारा पाहिल्या, बॅटरी पाहिली, सुकाणू हलवून पाहिलं. शेवटी ते उठून उभे राहिले.

"यंत्रात काही दोष नाही," ते म्हणाले.

सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पास केलं, आणि ते मी नव्हतो.

"आणि माझ्याबद्दल?" मी हळूच विचारलं.

"आता काय बघायचं राहिलंय?" असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

परतताना मोडक्या नाकाचं विमान माझ्या मांडीवर होतं. सुजल्या नाकाचा मेहुणा गाडी चालवत होता. त्यालाच शेवटी माझी दया आली. "जाऊ द्या भाऊजी," तो म्हणाला. "पुढच्या वाढदिवसाला काहीतरी साधंसं देतो. दात घासायचा चांगला ब्रश देतो."

"नको रे बाबा!" बायको मागच्या सीटवरून घाबरून म्हणाली. "ते आरशात बघून घासतात."

सगळे हसले. सासरेसुद्धा हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रशवर पेस्ट लावून आरशासमोर उभा राहिलो, आणि उजवी दाढ नेमकी कुठली, हे ठरवता ठरवता मला ऑफिसला उशीर झाला.