पटावर सत्तावन्न

गावातल्या सरकारी हायस्कुलाला एका सोमवारी परिपत्रक आलं. ज्या शाळेच्या पटावर साठापेक्षा कमी मुलं आहेत, ती शाळा बंद करून मुलांचं 'समायोजन' बारा किलोमीटरवरच्या शाळेत करण्यात येईल, असं त्यात अत्यंत नम्र भाषेत कळवलं होतं. या शाळेच्या पटावर सत्तावन्न मुलं होती. हेडबाईंनी ती तीनदा मोजली, कारण पुन्हा पुन्हा मोजल्याने आकडा सुधारतो असा खात्याचा जुना अनुभव आहे. आकडा हलला नाही.

परिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक सवलत होती. शाळा शंभर वर्षांची असून 'ऐतिहासिक' ठरल्यास ती बंद करता येणार नव्हती. बाईंनी इतिहासाच्या मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर याच शाळेत शिकले, याच शाळेत नोकरीला लागले, आणि निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना शाळाच आपल्याआधी निवृत्त होते की काय, या धास्तीने त्यांना चार दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

"मास्तर, शाळेचा इतिहास लिहायचाय. शंभर वर्षांचा."

"बाई, कागदोपत्री शाळा ब्याण्णव वर्षांची आहे."

"मग आठ वर्षं शोधा. तीन मुलं शोधण्यापेक्षा सोपं आहे ते."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. गावात मुलं भरपूर होती, पण ती सकाळी सातला गळ्यात टाय अडकवून पिवळ्या बसने हमरस्त्यावरच्या खासगी शाळेत जात. मास्तरांची नातही जाई. तिला शाळेत घालायच्या वेळी मास्तरांनी घरात एकदा तोंड उघडून पाहिलं होतं. "बाबा, तुमच्या शाळेबद्दल आदरच आहे हो," सून म्हणाली होती, "पण आदर वेगळा आणि ॲडमिशन वेगळी." मुलाने पेपरात डोकं घातलं. मास्तरांनीही विषय वाढवला नाही. खरं सांगायचं तर मनातून त्यांना हायसंच वाटलं होतं.

मास्तरांनी माजी विद्यार्थ्यांना आवाहन केलं आणि गाव लोटला. डॉक्टरांनी आजोबांचं प्रगतिपुस्तक आणलं. आजोबा सगळ्या विषयांत नापास होते, पण तारीख स्पष्ट होती. औषधांच्या दुकानदाराने पणजोबांच्या पाठीवर मोडलेली छडी दोन तुकड्यांत सादर केली. वकील तर आपल्या जुन्या बाकावर डोकं टेकवून ढसाढसा रडले. "आज जो काही आहे, तो या शाळेमुळे," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, घड्याळ पाहिलं आणि घाईने उठले. "निघतो मास्तर. पिवळी बस यायची वेळ झाली, धाकट्याला घ्यायचंय."

आठ वर्षं मात्र सापडेनात. शेवटी एका म्हाताऱ्या लोहाराने सांगितलं की शाळा निघण्याआधी त्यांच्या भात्याशेजारी कुणी एक जण चार पोरांना अक्षरं शिकवायचा. नक्की कधी, ते त्याला आठवत नव्हतं. मास्तरांनी ते 'आठ वर्षं आधी' असं लिहिलं. सनावळी चुकली म्हणून आयुष्यभर त्यांनी पोरांचे गुण कापले होते. पण शाळा वाचवायची होती.

तपासणीला मोठे साहेब आले. इतिहास वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तिथल्या तिथे सही केली. शाळा ऐतिहासिक ठरली. मास्तरांच्या जिवात जीव आला, तो पंधरा दिवस टिकला. मग दुसरं परिपत्रक आलं. ऐतिहासिक बाकांवर कुणीही बसू नये, ऐतिहासिक फळ्यावर लिहू नये, ऐतिहासिक घंटा वाजवू नये. मास्तर तडक साहेबांच्या कचेरीत गेले.

"साहेब, मग मुलं शिकणार कुठे?"

"बारा किलोमीटरवर. तिथे सोय आहे."

"अहो, पण ते टाळायलाच तर आपण हे सगळं केलं."

"शाळा वाचवायची होती ना? वाचली. अभिनंदन."

"मुलांशिवाय?"

साहेबांना वाईट वाटलं. "मुलांशिवाय कशी राहील? शाळा म्हटलं की मुलं दिसायला हवीत. प्लास्टरची मंजूर केलीत. साठ. पट पूर्ण व्हायला नको?"

प्लास्टरची साठ मुलं आली. ती बाकांवर बसू नयेत म्हणून त्यांना बाकांशेजारी उभं करण्यात आलं. खऱ्या सत्तावन्नांपैकी एकतीस जण बारा किलोमीटरवरच्या शाळेत पोहोचले. उरलेल्या सव्वीसांचा इतिहास कुणी मागवला नाही. मास्तरांना देखरेखीवर नेमलं. सवयीने ते रोज हजेरी घेत आणि 'हजर' म्हणायला कुणी नसल्यामुळे स्वतःच साठ वेळा हजर म्हणत.

बघणाऱ्यांची मात्र रीघ लागली. दाराशी अभिप्रायाची वही होती: नाव, व्यवसाय, अभिप्राय. डॉक्टरांनी लिहिलं, "अशा शाळा आता राहिल्या नाहीत." वकिलांनी लिहिलं, "अशा शाळा आता राहिल्या नाहीत, याची खंत वाटते." तीन वह्या भरल्या.

एक दिवस पिवळी बस सहल घेऊन आली. रांगेतून नात धावत आली. प्लास्टरच्या एका मुलीच्या वेणीला हात लावून तिने विचारलं, "आजोबा, हिला इथे घातलं, मग मला का नाही घातलं?"

मास्तरांनी तिला परत रांगेत नेऊन उभं केलं. बस गेल्यावर त्यांनी पट्टी घेतली आणि वहीत चौथा रकाना आखला: 'आपली मुलं कुठल्या शाळेत?' पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं आणि त्या रकान्यात लिहिलं: 'नात, पिवळ्या बसची शाळा.' लिहिताना त्यांचे कान तापले.

त्या दिवसापासून लोक येतात, हळहळतात, वहीपाशी थांबतात आणि चष्मा घरी राहिला म्हणून निघून जातात. दुसरी ओळ अजून कोरी आहे. पेन दोरीला बांधलेलं आहे, शाईही आहे. या, तुम्हीही शाळेवर हळहळणाऱ्यांपैकीच ना?