पाच हजार व्होल्टचा रविवार

शाळेच्या प्रयोगशाळेतलं ते पोलादी खोकं मेहुणीने जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा विश्वकोशांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने परवानगीशिवाय घरात पाऊल टाकलं होतं. खोक्यावर मोठी तबकडी होती, तिच्यावर पाच हजारांपर्यंत आकडे होते आणि बाजूला लाल रंगात कवटी.

‘विश्वकोश’ हे नाव कार्यालयातल्या लोकांनी दिलेलं. ते नोंदणी विभागात हेडक्लार्क होते. जगातल्या कुठल्याही विषयावर, न विचारता, उभ्याउभ्या माहिती देत. हे नाव लोकांनी आदराने दिलं आहे असं मानणारा त्या इमारतीत एकच माणूस होता.

“भावोजी, फक्त दोन दिवस कपाटावर राहू दे,” विज्ञान शिकवणारी मेहुणी म्हणाली. “सोमवारी वर्गात वायू भरलेल्या काचेच्या नळ्या उजळवून दाखवायच्या होत्या. त्यांना वीज पुरवणारं हे खोकंच बिघडलंय. दुरुस्तीवाला म्हणतो, आठ दिवस लागतील.”

“आठ दिवस?” विश्वकोश नाकातून हसले. “आठ मिनिटांचं काम! ही माणसं ना, स्क्रू फिरवायलासुद्धा मुहूर्त बघतात.”

“अहो, त्यात हाय व्होल्टेज असतं.”

“व्होल्टेजला माणूस घाबरला की ते चढून बसतं,” विश्वकोश म्हणाले. हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. स्वयंपाकघरातून बायको एवढंच म्हणाली, “टेबलावर जुनी चादर तरी घाला.”

रविवारी सकाळी नऊ वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. झाकण निघालं. आत तारांचं जंगल, दोन-तीन डबे आणि जळकट वास. विश्वकोशांना त्यातलं काहीही ओळखता आलं नाही, म्हणून ते “हं, अपेक्षेप्रमाणेच,” असं म्हणाले. ओळखीची एकच वस्तू सापडली, ती म्हणजे फ्यूज. तो उडाला होता.

“एवढंच! आणि म्हणे आठ दिवस.”

“पण तो का उडाला, ते बघायला नको?” मेहुणीने विचारलं.

“फ्यूज उडतो कारण तो नाजूक असतो. भित्र्यांची सोय आहे ती.” त्यांनी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली आणि खटका दाबला. घराच्या फ्यूजने लगेच मान टाकली.

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे हात आखडता घेतला असता. विश्वकोशांनी घराच्या फ्यूजमध्येही तशीच तार घातली. आता त्या बिचाऱ्या बिघाडाला अडवायला वाटेत कोणीच उरलं नव्हतं. त्यामुळे पुढच्या खटक्याला तो थेट खाली गेला आणि इमारतीचा मुख्य फ्यूज घेऊन बसला. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबली. वरच्या मजल्यावर कुणाची तरी इस्त्री आणि कुणाचा तरी संयम एकाच वेळी थंड झाला. आणि तळमजल्यावर, दाताच्या डॉक्टरांच्या हातातलं यंत्र एका पेशंटच्या दाढेत अर्ध्या वाटेवर मुकाट झालं.

पाचव्या मिनिटाला डॉक्टर दारात होते. त्यांच्या मागे तो पेशंट आला. गळ्यात हिरवा रुमाल, गालात कापूस, आणि इंजेक्शनने अर्धा चेहरा झोपलेला.

“कोण करतंय हे?” डॉक्टर ओरडले. “माझ्या पेशंटची दाढ उघडी आहे!”

“थोडं सहकार्य करा, डॉक्टर,” विश्वकोश शांतपणे म्हणाले. “आम्ही इथे विज्ञानासाठी खपतोय. दुरुस्ती झालीच आहे, फक्त आतला हा डबा सैल वाटतोय. तेवढा काढतो.”

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. त्याबरोबर पेशंट डॉक्टरांना बाजूला सारून धावत पुढे आला. डोळे विस्फारलेले, दोन्ही हात वर. “हा लाऊ हा!” तो ओरडला. “हा लाऊ हा!”

“बघा!” विश्वकोश डॉक्टरांना म्हणाले. “तुमच्या पेशंटलाही कळतंय. काय म्हणतायत? हां, लाव हां!”

“अहो, ते ‘हात लावू नका’ म्हणत असतील,” बायको म्हणाली.

“अगं, वीजच गेलीय! आख्ख्या इमारतीत वीज नाही, मग इथे कुठून येणार? जरा डोकं वापरत जा.”

आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला.

वीज गेली होती हे खरं. पण त्या डब्याने आपल्यापुरती साठवून ठेवली होती. फटाक्यासारखा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. विश्वकोश मागच्या मागे गेले आणि धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत बसले. स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळून वाकडं झालं होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि सवयीने तोंडही उघडून पाहिलं. “ठीक आहेत,” ते म्हणाले. “फक्त घाबरलेत.”

“घाबरलो नाही. बसलोय,” टोपलीतून उत्तर आलं.

पेशंटने डॉक्टरांच्या खिशातून कागद आणि पेन ओढून घेतलं आणि लिहिलं : ‘हॉस्पिटलात एक्स-रे मशीन दुरुस्त करतो. एकतीस वर्षं. सगळे मागे सरका.’

सगळे सरकले. विश्वकोश टोपलीसकट सरकले.

त्याने आधी खोक्याची पिन काढली, मग खाली गाडीतून आपली पिशवी आणली. मुख्य फ्यूज बदलला, घराचाही नीट बसवला. लिफ्ट सुरू झाली आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या बाईंचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. मग तो टेबलाशी आला. खोक्याची पिन काढलेली आहे ना, हे दोनदा पाहिलं. झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात खिशात घातला, आणि उजव्या हाताने तार जोडलेली एक लांब दांडी त्या डब्यांना टेकवली. बारीकसा ‘टक’ आवाज आला. उरलीसुरली वीजही गेली. मग त्याने विश्वकोशांची तांब्याची तार मेलेलं झुरळ उचलावं तशी दोन बोटांत धरून काढली, सगळ्यांना दाखवली, आणि विश्वकोशांच्या तळहातावर ठेवली.

मूळ दुखणं खोल होतं. एक तार तुटून पत्र्याला चिकटली होती. त्याने ती पुन्हा डाग देऊन जोडली, जळालेला एक तुकडा पिशवीतल्या नव्याने बदलला, खरा फ्यूज घातला, झाकण लावलं. मेहुणीने काचेची नळी जोडली. खटका दाबताच काटा सावकाश चढला आणि नळीत गुलाबी उजेड भरला. मेहुणीने टाळ्या वाजवल्या.

विश्वकोश टोपलीतून उठले. शर्ट झटकला. खांद्यावरचा मोजा काढून खिशात घातला.

“बघितलंत?” ते म्हणाले. “मी सकाळीच सांगितलं होतं. किरकोळ बिघाड. माझं नव्वद टक्के झालंच होतं, यांनी फक्त शेवटचा हात फिरवला.”

पेशंट त्यांच्याकडे वळला. त्याने जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला. जीभ गालातून फिरवली. गाल चिमटीत धरून पाहिला. कापूस काढून रुमालात ठेवला.

“मूर्ख,” तो म्हणाला. उच्चार अगदी स्वच्छ होता.

मग तो बोलू लागला. तासभर तोंडात कोंडलेलं सगळं बाहेर आलं. तारेपासून सुरुवात झाली, फ्यूज म्हणजे काय हे झालं, नंतर अशा माणसांच्या हाती स्क्रूड्रायव्हर देणाऱ्या समाजाकडे गाडी वळली. विश्वकोशांनी तळहातावरची तार हळूच खिशात, मोज्याशेजारी सरकवली.

“चला, खाली चला,” डॉक्टरांनी त्याची बाही ओढली. “दाढ अर्धी राहिलीय.”

“थांबा हो डॉक्टर, दाढ काय पळून जातेय?” बायको म्हणाली. तिने खुर्ची ओढून पेशंटला बसवलं आणि त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. इतकं गोड बोलणं तिच्या कानांवर आजच पडत होतं.

“तुम्ही निवांत बोला,” असं म्हणून ती स्टुलावर चढली. माळ्यावरून एक मिक्सर काढला, मागोमाग एक टेबलफॅन, एक बिनबटणांचा रेडिओ. तिन्ही पुसून तिने ओळीने टेबलावर मांडले.

“हेही यांनीच दुरुस्त केलेत,” ती म्हणाली. “एकेक बघून घ्या, आणि मग बोला.”

पेशंटने मिक्सर उलटा केला. तळाच्या भोकातून आत पाहिलं. पेला उचलून पाण्याचा मोठा घोट घेतला, आणि बाह्या वर सारल्या.