तोंड न दिसणारं ताट

अकोल्यात जठारपेठेत आमच्या शेजारी दादाराव काकाजी राहतात. भांड्यांच्या दुकानात गेले की ते स्टीलचं ताट उचलतात, त्यात स्वतःचं तोंड पाहतात आणि दुकानदाराला विचारतात, "यात तोंड दिसते ना बाप्पा. न दिसणारं नाई काय?" दुकानदार चमकेची तारीफ करायला लागला की म्हणतात, "राहू द्या. मी घासून घेतो."

आणि खरंच घासतात. आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवलेला माणूस. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि एकाच दिशेनं ओढत राहायचं. आधी जाड पेपर, मग बारीक. मी एकदा मदतीला बसलो आणि सवयीनं हात गोल फिरवला. काकाजी खेकसले, "दळन दळून राहिले काय? रेघ सरळ गेली पाह्यजे!"

महिनाभरात त्यांनी घरातलं सिंक, पाण्याची टाकी, फ्रिजचं स्टीलचं दार, सगळ्यांची चमक घालवली. लोक चमक आणायला मरतात, हे घालवायला. का घालवता, म्हणून विचारलं तर एकच उत्तर. "मले आवडत नाई."

काकू फारशा बाहेर येत नसत. म्हणून एका रविवारी आम्ही दोघांना जेवायला बोलावलं. शनिवारीच काकाजी ठोकळा घेऊन हजर. माझ्या बायकोला, मनीषाला म्हणाले, "सूनबाई, काकूसाठी उद्या जे ताट मांडसान, थे द्या."

मनीषाची ताटं अमरावतीहून, माहेराहून आलेली. "काकाजी, आहेराचं हाय ते!"

"मंग पेपर बारीक लावतो."

आणि व्हरांड्यात बसले. चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी उठेनात. शेवटी तिनं एक ताट दिलं. तासाभरानं ते धुऊन-पुसून परत आलं. तोंड सोडा, ट्यूबलाईटसुद्धा त्यात दिसेना.

असलं ताट पाहुण्याला कसं मांडायचं, म्हणून रविवारी मनीषानं काकूंपुढे दुसरं, लखलखीत ताट ठेवलं. काही वाढायच्या आतच काकू ताटावर वाकल्या.

"माय वं, तू कवा आली?" त्यांनी ताटाला विचारलं. मग मनीषाकडे वळल्या, "आंदी इले वाढा. भुकेजली दिसते." ताट पुढे सरकवून त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. आम्ही किती आग्रह केला, पण घास घेईनात.

काकाजी उठले. स्वयंपाकघरातून कालचं ताट आणलं, त्यात वाढलं. काकू मुकाट्यानं जेवल्या. वांग्याची भाजी दोनदा घेतली.

निघताना काकाजी दाराशी थांबले. "वर्सभरापासून इसरून राहिली सारं. सोताचं तोंड बी वळखत नाई. थ्या बाईच्या पायी दोन दिवस उपाशी राह्यली. आरसे काढून टाकले, पन ताटाचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकू ओट्याशी एका डब्यासमोर बसल्या होत्या. डबा आरशासारखा चकचकीत. मी काकाजींकडे पाहिलं.

"सारं घासलं, तं काकू घरभर तिलेच शोधत फिरे," ते कुजबुजले. "म्हनून एक राहू देला."

काकूंनी डब्याला विचारलं, "जेवली का वं?"

दाराआडून काकाजींनी आवाज बारीक केला. "हो वं बाई, जेवली."