कागदावरचा संत इसिद्रो

गावच्या लाकडी संत इसिद्रोच्या उजव्या हाताला कीड लागली, म्हणून त्याला दुरुस्तीसाठी वाहाका शहरात नेलं होतं. तिथल्या कार्यशाळेतल्या एल्विराने आधी त्याचं जलरंगात हुबेहूब चित्र काढून घेतलं. जुने रंग त्यावरूनच पुन्हा चढवायचे होते. ते बरोबर आहेत ना, हे विचारायला ती चित्र घेऊन गावात आली.

गावाने चित्र जाणकारीने पाहिलं. म्हणजे आधी संताच्या पायाशी असलेले नांगराचे बैल पाहिले.

“डावा खाऊनपिऊन सुखी दिसतोय,” सेवेरो म्हणाला. “आपल्या गावचा वाटत नाही.”

“नाकावरचा टवकाही काढलास होय गं?” यंदा संताची सेवा जिच्याकडे होती, त्या चोलेबाईने विचारलं. “माझ्या सासूच्या हातून पडला होता तो. राहू दे. दिसू दे लोकांना.”

अंगरख्याचा निळा सगळ्यांना पटला. एल्विरा चित्र बांधायला लागली, तेव्हा चोलेने त्यावर हात ठेवला.

“मका करपायला आलाय. उद्या पाऊस मागायला संताला शेतात न्यायचंय. लाकडाचा इथं नाही, तर हा येईल.”

“अहो, जलरंग आहेत हे. पाऊस आला तर धुऊन जाईल सगळं. मग अंगरखा कशावरून रंगवायचा?”

“पाऊस येईल असं वाटतं तुला?”

“देवाचं काय सांगावं.”

“ऐकलंत?” चोले गावाकडे वळली. “नऊ वर्षं मिरवणूक काढतोय, एकानेही कधी छत्री आणली नाही. आणि ही पाहुणी भरवसा धरून बसलीय.”

दुसऱ्या दिवशी एल्विरा प्लास्टिकचा कागद काखेत मारून निघाली. तो पाहून सेवेरोच्या बायकोने वाळत घातलेल्या मिरच्या आत घेतल्या. तिचं पाहून शेजारणीने कपडे काढले. प्रार्थनेने इतक्या वर्षांत न झालेली धावपळ एका प्लास्टिकने झाली. चोलेने मात्र ते चित्रावर घालू दिलं नाही. “झाकलं तर मका कसा दिसेल त्याला?”

डोंगरामागून एक ढग आला. गावाने गुडघे टेकले. एल्विरानेही टेकले, आणि डोळे घट्ट मिटले. ढग शेतांवर थबकला, त्याने जरा विचार केल्यासारखं केलं, आणि पलीकडच्या गावाकडे निघून गेला.

परतताना चोलेने तिला बाजूला घेतलं.

“खरं सांग. तू काय मागितलंस?”

एल्विराची मान खाली गेली. “घरी पोचेपर्यंत नको, एवढंच.”

“म्हणजे अख्ख्या गावाचं सोडून तुझं ऐकलं.” चोले चिडली नाही. तिने चित्र हातभर लांब धरून पहिल्यांदाच नीट पाहिलं. “चांगलं उतरलंय. काढणाऱ्याचं ऐकतो. उद्या पुन्हा नेऊ. पण उद्या तू आमच्यासाठी मागायचंस. मनापासून.”

नाही कसं म्हणणार?

दुपारी चोले मक्याच्या गरम आतोलेचा पेला घेऊन तिच्या खोलीत गेली. एल्विरा खिडकीशी बसून घाईघाईने चित्राची दुसरी प्रत काढत होती. बैल झाले होते, अंगरखा अर्धा निळा झाला होता.

चोलेने एकदा जुन्या चित्राकडे पाहिलं, एकदा नव्या.

“म्हणजे खरंच मागणार आहेस तर,” ती म्हणाली, आणि पेला कागदापासून जरा लांब ठेवला.